अकरा पाव्हणे आन् एक पूजा

मी नकला करतो. पाचवीत असल्यापासून करतो. हेडमास्तरांचं घसा खाकरणं, एस्टीच्या कंडक्टरचं "पुढं सरका, पुढं लई मोकळं हाय", साखर कारखान्याचा भोंगा, लग्नात रुसलेला जावई, कायबी सांगा. याच्यापायी मार खाल्ला आन् गॅदरिंगला बक्षिसं पण घेतली. पण माझी सगळ्यात मोठी नक्कल मी स्टेजवर केलीच न्हाई. ती केली कॉलेजच्या मीटिंग हॉलमधी, चौकशी समितीपुढं. तवा समोरचे पोट धरून हसत हुते आन् माझं डोकं फिरलेलं हुतं. कारण बोटाच्या पेराएवढ्या एका बाटलीपायी आमच्या मामांना कामावरून काढायला निघाले हुते.

मामा म्हंजे माझे सख्खे मामा न्हाईत. आमच्या लॅबचे शिपाई. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणतं, आन् ते मला भाचा म्हणत्यात. पाथर्डीकडचं कोरडवाहू गाव त्यांचं. बारा हंगाम ऊस तोडला, कंबर गेली, मंग कुणाच्या तरी ओळखीनं आमच्या कॉलेजात लागले. नऊ वर्षं झाली. पण कायम न्हाईत. दर अकरा महिन्यांनी एक नवी ऑर्डर निघायची, की मामा अजून अकरा महिने. त्यांना काढायचं म्हणलं तर काय करायला लागत न्हाई. ऑर्डर टाईप करायची न्हाई, बास.

मी एम.एस्सी. झालो आन् त्याच लॅबमधी प्रोजेक्टवर लागलो. प्रोजेक्ट हाडाचा. आता हाड म्हंजे आपल्याला वाटतं घराचा खांब. उभं राहायचं, भार उचलायचा, सपला विषय. पण तसं न्हाई. हाडातून एक प्रोटीन निघतं, ऑस्टिओकॅल्सिन त्याचं नाव, आन् ते रक्तात उतरून दुसऱ्या अवयवांना निरोप देतं असं म्हणत्यात, हार्मोनसारखं. त्याच्यावर अजून शास्त्रज्ञांची भांडणं चालूच हायत, पण म्हणत्यात.

हे मी मामांना सांगितलं तवा ते काचेच्या बाटल्या धूत हुते. हात न थांबवता म्हणले, "हाडं निरोप धाडत्यात व्हय? माझी तर ऊसतोडीपास्नं धाडत्यात. ऐकतंय कोन?"

तर ते प्रोटीन हाडात नेमकं कुठं बसलंय ते शोधायला लागती अँटिबॉडी. तिचं काम एकच. शिर्डीच्या गर्दीत चुकलेलं पोरगं जसं त्याची आईच ओळखती, दुसऱ्या कुणाच्या पोराचा हात धरत न्हाई, तशी ही अँटिबॉडी हजार प्रोटीनांतून फक्त त्या एकाचा हात धरती. मंग वरून रंग द्यायचा. जिथं तिनं हात धरलाय तिथं तपकिरी दिसतं. बाकी सगळं कोरं.

ती आमची अँटिबॉडी आली थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांमधी. खोकं एवढं, की आत कलिंगड बसावं. उघडलं तर आत दुसरं खोकं, त्यात पिशवी, पिशवीत ही एवढीशी बाटली. आन् बाटलीत चार थेंब. सोबत एक कागद. मी तो वाचून मामांना मराठीत सांगितला. मिळाल्याबरोबर उणे वीस डिग्रीत ठिवा. छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठिवा. पुन्हा पुन्हा गोठवू आन् वितळवू नका. फक्त संशोधनासाठी, माणसावर वापरू नका.

मामा म्हणले, "म्हंजे इरजनावानी हाय ही. समदं भांडं रोज भायेर काढून ठिवलं तर नासनार. लागतंय तेवढं वाटीत काढायचं."

एका वाक्यात कळलं त्यांना. मी पळत विभागप्रमुख सरांकडं गेलो, म्हणलं, सर, दहा नळ्या घेतो, आजच वाटून टाकतो.

सर खुर्चीत मागं रेलले. सर बोलतात ते असं, प्रत्येक शब्द इस्त्री केल्यासारखा. "हे बघ. मूळ बाटली फोडायची नाही. पॅकिंग बघितलंस का? परदेशी लेबल आहे त्यावर. आपल्या संस्थेत अशी वस्तू पहिल्यांदा आली आहे. उद्या कोणी भेटीला आलं तर त्या दहा चिल्लर नळ्या दाखवणार का त्यांना?"

"सर, पण कागदावर लिवलंय..."

"कागदावर खूप काही लिहिलेलं असतं."

मी परत फिरलो. इथं माझी पण चूक हाय, ती आधीच सांगून टाकतो. त्याच दिवशी गुपचूप वाटली असती तर पुढचं काय झालंच नसतं. पण सर मोठे, मी नवा. बाटली सबंधच्या सबंध फ्रीजरमधी गेली.

आन् मंग सुरू झाले पाव्हणे.

आमच्याकडं एक रीत हाय. घरात नवीन काय आलं, टीव्ही म्हणा, सून म्हणा, की आल्यागेल्याला दाखवायचं. कॉलेज काय घरापेक्षा वेगळं न्हाई. केबिनमधी कोण पाव्हणा आला, की सर बेल मारायचे आन् म्हणायचे, "मामा, जरा आपली अँटिबॉडी आणा." मंग मामा स्टीलच्या ट्रेमधी स्वच्छ नॅपकिन टाकणार, त्याच्यावर बाटली ठिवणार, आन् हळूहळू चालत नेणार. शेजारच्या ट्रेमधी चहा आन् बिस्किटं. बाटलीनं फक्त डोक्यावर पदर घ्यायचा राहिला हुता. मुलगी बघायचा कार्यक्रमच तो. आन् मुलगी पसंत करून कोण जाईना, नुसते चहा पिऊन जायचे.

पहिले आले संस्थेचे चेअरमनसाहेब. त्यांनी बाटली उजेडात धरली. "वाटंत सांडली काय रे ही? रिकामीच दिसतीय." सर म्हणले, साहेब, एवढीच असते. मंग साहेबांनी अंगठा आन् बोटात धरून खोकल्याच्या औषधासारखी खडाखडा हलवली. "तळाशी बसलंय की रे काय तरी!" मी दारात उभा.

मंग एक तपासणी समिती. त्यातल्या एका मॅडमनी इचारलं, "याला वास कसा असतो?" मंग एक पत्रकार. त्याला फोटो पायजे हुता, पण बाटलीवर बाष्प धरलेलं, लेबल दिसंना. तर त्यानं ती रुमालानं पुसली, टेबललॅम्पखाली ठिवली, आन् लेबल कोरडं हुईस्तोवर सरांची मुलाखत घेतली. मंग एक देणगीदार, त्यांचे गुडघे दुखत हुते. "हाडाचंच हाय म्हणता, तर याचे दोन थेंब घेतल्यावर फरक पडल का?" आन् सर म्हणले काय? "भविष्यात, भविष्यात." अरे, कागदावर लिवलंय माणसावर वापरू नका! मंग शाळेची सहल. चाळीस पोरांनी हातोहात फिरवली, शेवटच्या बाकावरून परत आली तवा बाटली कोमट हुती. मी हात लावून बगितली ना. मंग सरांचे मेव्हणे. ते शिर्डीला दर्शनाला चालले हुते, वाटेत जेवायला थांबले, म्हणून त्यांना पण दाखवली. मेव्हण्यांचा धंदा कसला, तर मंडपाचा.

असे आणखी पाच, सगळे मिळून अकरा वेळा. दर टायमाला वितळायची, दर टायमाला मामा ती परत नेऊन गोठवायला ठिवायचे. मी एक केलं. जवा पाव्हणा यायचा त्याच दिवशी मी माझं काम उरकून घ्यायचो, म्हंजे माझ्यापायी आणखी एकदा वितळायला नको. पाव्हण्यांच्या वेळापत्रकावर संशोधन करणारा जगात मी एकटाच असंल.

माझं काम असं. मामा बुधवारी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं हाड आणायचे. ते मी औषधात बुडवून ठिवायचो, त्यातला चुना निघून हाड मऊ पडतं. मंग त्याचा कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ काप काढायचा, काचपट्टीवर चिकटवायचा, त्याच्यावर अँटिबॉडी, मंग रंग. प्रत्येक पट्टीच्या कडेला पेन्सिलीनं तारीख लिवायची, ही आमची पद्धत.

श्रावणातली पहिली पट्टी बगितली तर कडक चहासारखा तपकिरी रंग. मी लॅबमधी नाचलो. चौथ्या पाव्हण्यानंतरची, दूध जास्त पडलेला चहा. आठव्यानंतरची, टपरीवर ग्लास धुतलेलं पाणी. मी सरांना दाखवायला गेलो, म्हणलं सर, अँटिबॉडी मरत चाललीय, बाटली भायेर काढणं थांबवा.

सर म्हणले, "दोष अँटिबॉडीचा नाही, तुझ्या हाताचा आहे. शिस्त नाही हाताला. नकला कमी कर."

मी पट्टी पुढं केली. त्यांनी घेतलीच न्हाई. दसऱ्याच्या आधी चार दिवस मी शेवटची पट्टी केली. सगळी कोरी. जिथं हाड तिथं हाड, बाकी काय न्हाई. ते पण सांगितलं. "दसऱ्यानंतर बघू."

आता खंडेनवमीचं सांगतो. आपल्याकडं त्या दिवशी हत्याराची पूजा असती, शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, ड्रायव्हरचा टेम्पो. मामा दरवर्षी लॅबची करायचे. आदल्या दिवशी सगळं घासून पुसून लख्ख. मायक्रोस्कोपला हळद-कुंकू, पण काचेला बोट न लावता. तराजूला झेंडूचं एक फूल, एकच, वजन नको म्हणून. आन् पूजा चालू असताना सगळी मशिनं बंद करायची. "वर्सभर राबत्यात. घटकाभर इसावा नको व्हय त्यास्नी?" असं मामांचं म्हणणं. त्यांच्या गावाकडं ऊसतोडीचे कोयते पण त्या दिवशी असेच निवांत पाटावर पडलेले असत्यात.

यंदा फ्रीजरमधी बाटली हुती. तर मामा सकाळीच रसवंतीवाल्याकडून बर्फ फोडून घेऊन आले. थर्माकोलचं तेच खोकं जपून ठिवलेलं त्यांनी. त्यात बर्फ भरला, मधोमध बाटली रवली, वरून झाकण, झाकणावर त्यांचा टॉवेल. मंग फ्रीजर बंद केला. पूजा झाली तासाभराची. नारळ कुणी फोडला? सरांनी. आरतीचं ताट कुणी धरलं? सरांनी. फोटो काढून ग्रुपवर कुणी टाकला, खाली "परंपरा आणि विज्ञान यांचा संगम" असं लिवून? ते पण सरांनीच. पूजा झाल्याबरोबर मामांनी फ्रीजर चालू केला, गार झाल्यावर बाटली आत ठिवली. अकरा पाव्हण्यांत त्या बाटलीची काळजी जेवढी कुणी घेतली न्हाई तेवढी त्या तासात मामांनी घेतली.

दिवाळीच्या तोंडावर प्रोजेक्टला पैसे देणाऱ्यांचं पत्र आलं. हाडाच्या पट्ट्यांचे फोटो धाडा. फोटो कशाचे धाडणार? कोऱ्या काचेचे?

आन् सरांना एकदम आठवलं, की फ्रीजर बंद केला हुता. अहवाल तयार झाला. मी टेबलावर वाचला. "शिपायाने अंधश्रद्धेपोटी, कोणाचीही परवानगी न घेता, शीतयंत्र बंद केल्याने मौल्यवान अँटिबॉडी निकामी झाली." खाली, सदर कर्मचाऱ्यास पुढील नेमणूक देऊ नये. त्याच्यावर एक चौकशी समिती बसली.

अंधश्रद्धा! ज्याच्या हातातल्या नारळाचं पाणी माझ्या चपलेवर उडालं त्या माणसानं लिवलं हे. माझे कान तापले. मी तसाच मामांकडं गेलो. त्यांना कळलं हुतं. ते फ्रीजरचं दार उघडून बाटलीकडं बगत उभे हुते.

"भाच्या, खरं सांग. माझ्यामुळं मेली का रं ही?"

मला शिवी द्यायची हुती, सरांना. मी त्यांचा हात धरून मायक्रोस्कोपपाशी नेलं. नऊ वर्षं मामा तो मायक्रोस्कोप पुसत हुते, पण त्यातून कधी त्यांनी बगितलेलं नव्हतं. कुणी बग म्हणलंच नव्हतं. मी पण न्हाई.

"एक डोळा झाका. आता सांगा काय दिसतंय."

"चहा," मामा म्हणले. "कडक."

दुसरी लावली. "ह्यो पांचट." तिसरी. "ह्यो तर धुवन." शेवटची लावली. लई वेळ बगत राहिले. "हितं कायच न्हाई."

"कडेची तारीख वाचा."

त्यांनी पट्टी काढून डोळ्यापाशी धरली. वाचली. बोटं मोजली. "ही तर खंडेनवमीच्या आदुगरची हाय."

"व्हय. तुमी फ्रीजर बंद करायच्या आधीच मेलती ती."

मामा स्टुलावर बसले. खिशातून रुमाल काढून मायक्रोस्कोपची काच पुसली, आपल्या डोळ्याचं पाणी लागलं असंल म्हणून. मंग म्हणले, "मंग सांग की त्यास्नी."

म्हणून मी समितीपुढं गेलो. हॉलमधी लांब टेबल. चेअरमनसाहेब मधी, शेजारी प्राचार्य, मंग ऑफिसचे मोठे साहेब, सर स्वतः, आन् टोकाला रसायनशास्त्राच्या एक मॅडम. म्हंजे ज्याच्यावर आरोप व्हायला पायजे तो माणूस समितीत. मामा समितीला चहा देऊन भायेर पॅसेजमधी उभे, हातात रिकामा ट्रे.

मी मायक्रोस्कोप घेऊनच गेल्तो. पट्ट्या ओळीनं मांडल्या. म्हणलं, साहेब, एक मिनिट इथून बघा.

चेअरमनसाहेब म्हणले, "चष्मा गाडीत राहिला माझा. तू तोंडी सांग."

प्राचार्य म्हणले, "ते बारीक बारीक नको. थोडक्यात. फ्रीजर बंद केला होता, की नव्हता केला?"

"केला हुता, पण..."

"झालं की मग," ऑफिसचे मोठे साहेब म्हणले आन् लिवायला लागले.

झालं की मग. नऊ वर्षं तीन शब्दांत मिटवली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणलं, "साहेब, थोडक्यात सांगायला जमत न्हाई मला. करून दाखवतो."

भायेर गेलो. मामांच्या हातातला ट्रे घेतला, नॅपकिन घेतला, खिशातून एक रिकामी बाटली काढून त्याच्यावर ठिवली, आन् मामांसारखा पाय उचलत हळूहळू आत आलो.

"एक नंबर राहू द्या, त्याच्याकडं नंतर येतो," मी म्हणलं. "दोन नंबर." आन् तपासणीच्या मॅडम झालो. पदर सावरला, बाटली नाकापाशी नेली, "याला वास कसा असतो हो?" बाटली खाली ठिवली. "गोठवली." उचलली. "वितळली." मंग पत्रकार, "सर, लेबलवरचं धुकं जरा पुसून घेऊ का?" रुमालानं घासत बसलो. प्राचार्य हसायला लागले. "गोठवली. वितळली." मंग देणगीदार, गुडघ्यावर हात, खुर्चीतून अर्धे उठत, "दोन थेंब घेतल्यावर..." आन् लगेच इस्त्रीच्या आवाजात, "भविष्यात, भविष्यात." चेअरमनसाहेबांनी टेबलावर हात आपटला, "अगदी हुबेहूब सर हायत रे हे!" सर पण हसले. त्यांना हसायलाच लागलं. मंग चाळीस पोरं, एका दमात. मंग मेव्हणे, तोंडात घास, "भाऊजी, या बाटलीवर लायटिंग भारी दिसंल." मंग राहिलेले पाच, भराभर. दर टायमाला बाटली खाली, बाटली वर. गोठवली. वितळली.

ते हसत हुते आन् मला रडू यायला लागलं, रागानं. पट्ट्यांवर तारखा लिवलेल्या, तिथं कुणाला बघायचं नव्हतं. मी माकडावानी नाचलो तवा सगळ्यांना चष्म्याबिगर दिसाय लागलं.

"आता एक नंबर," मी म्हणलं. पोट जरा पुढं काढलं, मान तिरकी केली, बाटली उजेडात धरली. "वाटंत सांडली काय रे ही? रिकामीच दिसतीय." आन् खडाखडा हलवली. "तळाशी बसलंय की रे काय तरी!"

कोण हसलं न्हाई.

मी बाटली ट्रेमधी ठिवली. "हे झाले अकरा. बारावी वितळणी मामांची. खोटं बोलणार न्हाई, ती पण झाली, पण ती बर्फात झाली, आन् तवा ती आधीच मेलेली हुती. नारळ सरांनी फोडला."

सर म्हणले, "ही चेष्टा चालली आहे. समितीपुढे."

तवा टोकाच्या मॅडम उठल्या. काय न बोलता मायक्रोस्कोपपाशी आल्या, चष्मा वर केला आन् एक एक पट्टी बगितली. शेवटची हातात घेऊन म्हणल्या, "सर, ही तारीख दसऱ्याच्या चार दिवस आधीची आहे."

एकच माणूस. पाच जणांत एकानं बगितलं.

निकाल काय लागला ते ऐका. चेअरमनसाहेब उठता उठता म्हणले, "पोरगं कलाकार हाय. गॅदरिंगला घ्या याला." आन् मामांची ऑर्डर निघाली, अकरा महिन्यांची. हे झालं. पण ऑर्डरसोबत एक कागद आला, त्याच्यावर सही केल्याशिवाय ऑर्डर हातात मिळणार न्हाई. "माझ्या अंधश्रद्धेमुळे संस्थेचे नुकसान झाले, याबद्दल मी दिलगीर असून पुन्हा असे करणार नाही." आन् लॅबच्या दारावर नोटीस लागली, की प्रयोगशाळेत पूजाविधी करण्यास सक्त मनाई. पाव्हण्यांना मनाई, असं त्यात कुठंच नव्हतं.

मी म्हणलं, "मामा, सही करू नका. फाडा तो कागद."

"फाडून काय चुलीत घालू?"

"तुमी काय केलंच न्हाई!"

"ते तुला ठावं हाय, मला ठावं हाय, त्या म्याडमला ठावं हाय." मामांनी पेन मागितला. अक्षर त्यांचं सावकाश, एक एक काना ओढत. सही करून कागद सरळ केला आन् म्हणले, "तू कशाला तापतो? त्वा नकला केल्या म्हनून तर हितं बसलोय."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो न्हाई. त्यांच्यावरच राग काढला. दुसऱ्यावर काढायची हिंमत सपली हुती.

नवीन बाटली आली थंडीत. तेच मोठं खोकं, तेच चार थेंब. सर त्या दिवशी नगरला मीटिंगला गेल्ते. मी खोकं उघडलं आन् वळून बगितलं तर मामांनी टेबलावर बर्फाचं भांडं मांडलेलं, त्यात धुऊन, वाळवून, झाकणं लावून दहा नळ्या उभ्या. मी त्यांना सांगितलं नव्हतं. माझ्याकडं न बघता म्हणले, "वाट. लवकर वाट. सर याच्या आत."

मी वाटली. एक थेंब सांडला न्हाई. दहा नळ्या एका जुन्या डब्यात गेल्या. डब्यावर मामांनी त्यांच्या सावकाश अक्षरात लिवलं, "जुने नमुने". तो डबा बघायला कोण पाव्हणा मागणार?

राहिली मूळ बाटली, परदेशी लेबलवाली, रिकामी. ती टाकायला निघालो तर मामांनी हातातून घेतली. डिस्टिल वॉटरचा कॅन उघडला, बाटली गळ्यापर्यंत भरली, झाकण घट्ट लावलं, आन् फ्रीजरमधी एकदम पुढं ठिवली, दार उघडल्याबरोबर दिसंल अशी.

पुढच्या आठवड्यात माझी पट्टी तयार झाली. कडक चहा. मामांनी बगितली, मान हलवली. आता दर पट्टी आधी ते बघत्यात, मंग मी.

आन् पंधरा दिवसांत चेअरमनसाहेब कुणाला तरी घेऊन आले. बेल वाजली. "मामा, जरा आपली अँटिबॉडी आणा." ट्रे, नॅपकिन, बाटली. साहेबांनी उजेडात धरली, खडाखडा हलवली, खूश झाले. "हां! आता कशी भरल्यासारखी दिसतीय. मागच्या टायमाला कंपनीनं फसवलं हुतं." सर म्हणले, "हो साहेब, या वेळी क्वालिटी चांगली आहे."

मामा ट्रे धरून शेजारी उभे. तोंडावरची रेष हलली न्हाई.

मला सरांची नक्कल जमती, साहेबांची जमती, मेव्हण्यांची तर झोपेत जमती. मामांचं ते तोंड मी आरशापुढं लई वेळा करून बगितलं. न्हाई जमत. दर टायमाला माझ्या डोळ्यात राग उतरतो, तो कागद अजून ऑफिसच्या फायलीत हाय म्हणून. मामांच्या डोळ्यात तो नव्हता. ते फक्त बाटली परत कधी मिळती याची वाट बघत उभे हुते.